इंदूबाईचं घंगाळ आणि राजवाडा-लव्हर

मीरा रोडच्या साईकृपा सोसायटीत देवीची साडी कधी स्वस्तात गेली नाही, आणि त्याचं श्रेय देवीच्या खालोखाल सुचेता तोडणकरला जायचं. नवरात्रात देवीला नेसवलेल्या साड्या दसऱ्याच्या संध्याकाळी मंडळ लिलावात काढायचं. देवीच्या अंगावरची साडी घरात आली की पोरीबाळींचं भलं होतं, म्हणून बायका हौसेने बोली लावायच्या. पण हौस झाली तरी पगारदार माणसांची. दोन-तीन उड्या मारल्या की दमायची. ती दमली की सेक्रेटरी दशरथ चुरी माइकमध्ये खाकरायचे, आणि लगेच तिसऱ्या रांगेतून सुचेताचा खणखणीत आवाज यायचा, "माझे पन्नास वर!"

सुचेताला साडी नको असायची. तिचं काम बोली चढवण्याचं. हे काम तिला कुणी लेखी दिलं नव्हतं, पण एका वर्षी ती सहज ओरडली, मंडळाची पावती फुगली, आणि पुढच्या वर्षी चुरींनी तिची खुर्ची आधीच राखून ठेवली. तेव्हापासून ती त्या खुर्चीला जागली. तिचं एक शास्त्र होतं. समोरची बाई आवंढा गिळते तोवर तिची एक उडी शिल्लक असते. तिने पदर सावरून नवऱ्याकडे बघितलं, की संपलं. तिथे आपण गप्प बसायचं. साडी आपल्या गळ्यात पडता कामा नये. इतक्या वर्षांत ती एकदाही पडली नव्हती, आणि सुचेताला त्याचा फार अभिमान होता.

"अगं, पण हे खोटं नाही का?" तिचा नवरा यतीन कधीतरी विचारायचा. यतीन बंदरातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होता आणि खोटं-खरं हे प्रश्न जेवण झाल्यावरच काढायचा.

"देवीच्या कामात कसलं आलंय खोटं? आणि सगळ्यांना माहीत असतं की, मी चढवते म्हणून," सुचेता म्हणायची आणि ताटं उचलायची.

बाकी बाई सरळ. दोनच खोट्या गोष्टी तिच्या संसारात होत्या. एक ही बोली, आणि दुसरं सासूबाईंचं घंगाळ.

घंगाळ म्हणजे पितळेचं, दोन कड्यांचं, अंघोळीच्या पाण्याचं. चांगलं दोन माणसांनी उचलायचं धूड. सासूबाई इंदूबाई यांच्या लग्नात त्यांच्या माहेरहून आलेलं, आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. इंदूबाई सीताराम तोडणकर. लालबागच्या चाळीतल्या मोरीत ते राजासारखं बसायचं. लहानपणी यतीन त्यात उभा राहून नाचला आणि घंगाळासकट आपटला, तेव्हा पडलेला एक पोचा त्याच्या कुशीला होता. यतीनच्या डोक्यालाही होता. सासरे गेल्यावर इंदूबाई गावी, रत्नागिरीकडे, थोरल्या मुलाकडे, गणेशकडे, राहायला गेल्या आणि जाताना सुनेला म्हणाल्या, "घंगाळ तुझ्याकडं ठेव. सांभाळ."

सुचेताने ते सांभाळलं. मीरा रोडचा फ्लॅट घेईपर्यंत. नव्या बाथरूममध्ये गीझर होता, गुलाबी टाइल्स होत्या, आणि घंगाळ ठेवलं तर माणूस मावत नव्हता. एका दुपारी जिन्यात मोडवाला ओरडला, आणि सुचेताने ते मोडीत देऊन नॉन-स्टिकचा सेट घेतला. त्या सेटचा काळा मुलामा वर्षभरात डोशाबरोबर सगळ्यांच्या पोटात गेला. मग पश्चात्ताप झाला, पण तो काय कामाचा? सासूबाईंनी फोनवर विचारलं की सुचेता म्हणायची, "माळ्यावर ठेवलंय हो, गोणपाटात गुंडाळून." दर वेळी ती गोणपाटावर अजून एक गोणपाट चढवायची.

आणि त्या वर्षी, गणपती उठले न उठले तोच, इंदूबाईंचा फोन आला. "काय गो सुचेता, ललितापंचमीला मला पंच्याहत्तर होतायत. गणेश म्हणतो इथं करू. मी म्हटलं, नाय. मी यतीनकडं जानार. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळा नि माझ्या घंगाळातनं मला न्हाऊ घाला. दुसरं काय नको."

"हो, हो, अगदी," सुचेता म्हणाली, आणि फोन ठेवून खुर्चीवर बसली.

यतीनचं डोकं अशा वेळी जोरात चालतं. "भाईंदरला भांड्यांच्या दुकानात नवं मिळेल. नाव घालून घेऊ."

"आणि पोचा?"

"मी पुन्हा आपटतो," यतीन म्हणाला, आणि बायकोने बघितलं तसा पेपर वाचायला लागला.

समोरच्या ब्लॉकमधल्या रुचिता शहाला ऑनलाइन लिलावाचं वेड होतं. २००६ साल, सोसायटीत कॉम्प्युटर अजून मोजक्या घरांत होते आणि रुचिताचा बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, विणलेल्या रुमालाखाली असायचा. त्याच्यावरून तिने मिक्सर घेतला होता, मोबाइल घेतला होता, आणि एकदा चुकून मासे पकडायची काठीही. शहांकडे कांदासुद्धा चालत नव्हता, तिथे ती काठी पडदा लावायला गेली. सुचेता मन मोकळं करायला तिच्याकडे गेली. रुचिताने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुचेताभाभी, रडताय काय? ब्रासचं जुनं सामान आजकाल इथेच येतं. लोक त्यात फुलं तरंगवतात. बघूया ना."

पानं हळूहळू उघडत होती. समया, अडकित्ते, पानाचे डबे. आणि एका पानावर वरपासून खालपर्यंत, खिडकीचा पडदा सोडावा तसा, एक फोटो उतरत आला. आधी कडी. मग काठ. मग कूस, आणि कुशीला पोचा.

"थांब!" सुचेता ओरडली. देव्हाऱ्यातला दिवा हलला.

दुसऱ्या फोटोत काठ जवळून दाखवला होता, आणि ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलं होतं: सौ. इंदूबाई सीताराम तोड... पुढचं फोटोबाहेर गेलं होतं. खाली इंग्रजीत बरंच काही होतं. रुचिताने वाचून अर्थ सांगितला तसे सुचेताचे डोळे मोठे होत गेले. मराठा राजघराण्यातलं, दोनशे वर्षांचं शाही स्नानपात्र. काठावर राणी इंदूबाई यांचा प्राचीन शिलालेख.

"राणी इंदूबाई!" सुचेता म्हणाली, आणि मग दोघी अशा हसल्या की रुचिताची सासू आतून विचारायला आली, शुं थयुं. सुचेताला हसताहसता रडू आलं. घंगाळ होतं. जगात होतं. कुणी वितळवलं नव्हतं.

बोली जेमतेम हजारावर होती. सुचेताने रुचिताच्या नावाने पन्नास वर लावले. लावताना तोंडाने बोललीसुद्धा, सवयीने.

रुचिता पाणी आणायला उठली आणि परत येऊन बघते, तर कुणीतरी वर गेलं होतं. नाव होतं 'राजवाडा-लव्हर'. सुचेताने पुन्हा पन्नास लावले. लव्हर पुन्हा वर. तिसऱ्यांदा लावले. पाण्याचा ग्लास रिकामा व्हायच्या आत लव्हर हजर.

पुढचा आठवडा सुचेताचं घरात लक्ष नव्हतं. वरणाला फोडणी दोनदा पडली. "काय झालं आज?" यतीन आल्या-आल्या विचारायचा, आणि ती म्हणायची, "तो लव्हर पाठ सोडत नाही रे." खालच्या मजल्यावरच्या ममता पेडणेकरने हे एकदा ऐकलं आणि तिच्या हातातली चहाची बशी लवंडली. ममता डबे करून द्यायची, आणि संध्याकाळी सिरियल बघायला सुचेताकडे यायची. मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि ती म्हणाली, "मिळेल गं. मनापासून हवं असलं की मिळतं." ममता असलीच. तिला शत्रूचाही लिलाव लागावासा वाटायचा.

आकडा चढत चढत अशा ठिकाणी गेला, की सुचेताला आवंढा आला. तिने रुचिताच्या खुर्चीत बसून पदर सावरला, आणि यतीन तिथे नव्हता तरी डावीकडे बघितलं. बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

"रुचिता, मी काल बोलले नाही, तर काल हा बोलला का?"

"नाही."

"परवा?"

"परवा तुम्ही बोललात, मग तो बोलला."

"म्हणजे मी गप्प, तर तो गप्प. मी बोलले की लगेच, आणि दर वेळी कमीतकमी जेवढं लावता येतं तेवढंच. स्वतःहून आधी कधी नाही." सुचेता उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भूत दिसल्याचाही भाव होता आणि जत्रेत हरवलेली बहीण सापडल्याचाही. "अगं बाई! हे गिऱ्हाईक नाहीच. ही तर मी!"

रुचिताने मग त्या लव्हरच्या नावावर टिचकी मारली. कोण कुठल्या मालावर बोललंय ते दिसायचं तेव्हा. लव्हर एकाच विक्रेत्याच्या मालावर बोलत होता. समयांवर बोलला, अडकित्त्यांवर बोलला, सगळीकडे चढवून चढवून शेवटी मागे राहिला. एक वस्तू कधी घरी नेली नाही.

"हात चांगला आहे," सुचेता म्हणाली. "पण घाई करतो. मी असते तर मध्ये एक दिवस जाऊ दिला असता."

लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. रुचिता सकाळपासून फोन करत होती, भाभी या, शेवटच्या मिनिटाला लावू. सुचेता आली, पण हात मांडीखाली घेऊन बसली. "त्याची बोली वर आहे ना? राहू दे. आज साडी त्याच्या गळ्यात घालते."

"साडी नाही, घंगाळ!"

"तेच ते."

वेळ संपली. राजवाडा-लव्हर जिंकला. रुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं, सुचेताने तिला घरून आणलेली नारळाची वडी दिली आणि म्हणाली, "उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याची मेल आली. कळवण्यास खेद होतो की जिंकलेल्या ग्राहकांच्या घरी अचानक दुःखद घटना घडल्याने त्यांनी माघार घेतली आहे. तरी आपण आपल्या शेवटच्या बोलीला शाही स्नानपात्र घेऊ शकता. खाली सही ईश्वर, आणि फोन नंबर.

"मेलं वाटतं लव्हरच्या घरचं कुणीतरी," सुचेता म्हणाली, आणि जिना चढता-उतरता एकटीच हसत राहिली.

पण हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. आता काय करायचं? पैसे भरले, तर घंगाळ चार दिवसांत दारात. तक्रार केली, तर ती कंपनी त्या ईश्वरचं दुकान बंद करणार आणि घंगाळ कुठे जाईल ते ईश्वरालाच ठाऊक. सासूबाईंचं तिकीट निघालं होतं.

"घेऊन टाक ना," यतीन म्हणाला. "पैसे जास्त जातायत, कबूल. दोन-चार महिने केबल बंद ठेवू. विषय संपला."

समोर सतरंजीवर ममता सिरियल बघत बसली होती. सुचेता तिच्याकडे बघत राहिली. ममताच्या घरी टीव्ही होता. चांगला मोठा, रंगीत. मागच्या दसऱ्याला पोपटी पैठणी ममताला लागली होती. लेकीच्या डोहाळजेवणाला नेसवायची होती म्हणून ती हट्टाने बोलत राहिली, आणि सुचेता तिसऱ्या रांगेतून चढवत राहिली, रंगात येऊन, आवंढ्यामागून आवंढा. आणि त्यानंतरच, दिवाळीच्या सुमाराला, ममता म्हणाली होती, "आमच्याकडे केबल नीट दिसत नाही गं, तुझ्याकडे येऊ का?" सुचेता म्हणाली होती, ये की. तिने कधी विचारलं नाही, की केबल इतके महिने नीट का होत नाही.

सगळ्यांना माहीत असतं, म्हणे. ममताला माहीत होतं का?

"नाही भरायचे पैसे," ती म्हणाली.

"मग आईला काय सांगणार?"

"ते बघू. पण ह्या लव्हरला मी सोडत नाही."

तक्रार लिहायला दोघींना अख्खी दुपार लागली. सुचेता मराठीत सांगायची, रुचिता इंग्रजीत टाइप करायची. कुठल्या दिवशी कोण बोललं, लव्हरने आजवर एकही वस्तू कशी घेतली नाही, माघारीची मेल, सगळं ओळीने घातलं. शेवटी सुचेताने सांगितलं, "लिही, सदर शिलालेख प्राचीन नसून माझ्या सासूबाईंचं नाव आहे, आणि त्या हयात आहेत." 'चोराच्या उलट्या बोंबा' याचं इंग्रजी रुचिताला जमेना, म्हणून ते गाळलं. आणि मागून वार करणं सुचेताच्या स्वभावात नसल्यामुळे तिने ईश्वरलाही उत्तर पाठवलं: मी तुमची तक्रार केली आहे. सुचेता तोडणकर, साईकृपा, मीरा रोड. घरच्या फोन नंबरासकट.

कंपनीकडून उत्तर आलं, की आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. त्यानंतर काहीच नाही. आणि नवरात्राच्या आदल्या दिवशी रुचिता धावत आली: ईश्वरचं पान गायब होतं. समया गेल्या, अडकित्ते गेले, घंगाळ गेलं. सुचेता जिंकली होती, आणि तिला धड हसताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई दारात उभ्या. हातात आंबोळ्यांच्या पिठाची पिशवी, कमरेत बारीक वाक, आवाज तसाच. चहा घेतला आणि म्हणाल्या, "काढ बघू घंगाळ."

"ते... कल्हईला दिलंय, आई."

"घंगाळाला कसली गो कल्हई? त्यात काय आमटी करतेस?"

"पॉलिशला. पॉलिशला म्हणायचं होतं," सुचेता म्हणाली. यतीन बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

तृतीया गेली. चतुर्थीला दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीचा, घामाघूम, टक्कल पडलेला एक माणूस, मागे रिक्षावाला, आणि दोघांच्या मधे घंगाळ. कसं चमकत होतं! जिना उजळला होता. इंदूबाई आत वामकुक्षी घेत होत्या, म्हणून सुचेताने दार ओढून घेतलं.

"मॅडम, मी ईश्वर. काशीगावला आपला गाळा आहे," तो माणूस हात जोडून म्हणाला. "आपने तो मेरा धंदाच बंद केला. आता हे कोण घेणार? मोडीच्या भावात घ्या, वजनावर, आणि कंपनीला लिहा की मिटलं म्हणून."

"वजनावर घेते. पण कंपनीला लिहिणार नाही."

ईश्वरने तिच्याकडे बघितलं, घंगाळाकडे बघितलं, तीन मजले उतरून जायचे होते तिकडे बघितलं. "ठीक आहे," तो म्हणाला.

"एक सांगा. तो लव्हर कोण?"

ईश्वर लाजला. पन्नाशीचा माणूस लाजलेला बघवत नाही. "मिसेस आहे माझी. घरी बसून करते. स्वयंपाक करता करता."

"तिला म्हणावं, हात चांगला आहे, पण घाई नडली," सुचेता म्हणाली. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, ती पुढे म्हणाली, "आणि म्हणावं, सोड हे. समोरच्याच्या घरात काय बंद पडतं ते आपल्याला दिसत नाही."

तो गेल्यावर सुचेताने काठावरून हात फिरवला. काठ गुळगुळीत होता. कंपनीने पाठवलेल्या तक्रारीत शिलालेखाचा उल्लेख वाचून ईश्वरने घाबरून मशीनवर नाव घासून काढलं होतं. पोचा तेवढा राहिला होता.

इंदूबाई उठून आल्या. त्यांनी घंगाळाभोवती एक फेरी मारली. पोच्यावरून हात फिरवला. "माझंच हाय," त्या म्हणाल्या. मग काठावरून बोट फिरवत गेल्या, पूर्ण एक वेढा, आणि पुन्हा एक. "नाव कुठाय?"

सुचेताची लबाडी आयती जमून आली होती. पॉलिशवाल्याने पुसलं, एवढंच म्हणायचं होतं. यतीन मागून मान हलवून तेच सुचवत होता.

"माझं नाव तेवढं एकाच ठिकाणी लिवलेलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. रागाने नाही, नुसत्याच. "सात-बाऱ्यावर ह्यांचं, रेशन कार्डावर ह्यांचं, आता गणेशचं. मला वाचता येत नाय, पण ते मी बोटानं वाचायची. न्हाताना."

मग सुचेता खाली बसली, सासूच्या पायाशी, आणि तिने सगळं सांगितलं. गोणपाटं उलगडत उलगडत थेट नॉन-स्टिकपर्यंत. मोडवाला, फोटो, लव्हर, रुचिता, तक्रार. सांगताना ती रडत होती. इंदूबाई ऐकत होत्या. त्यांची बोटं काठावरच होती. मध्येच त्यांनी हात वर केला. "थांब. त्या मान्सानं काय लिवलं होतं माझ्याबद्दल?"

"राणी. राणी इंदूबाई."

"कोन राणी?"

"तुम्ही. मराठा राजघराण्यातल्या."

इंदूबाईंच्या पोटातून आधी एक बारीक गुरगुर आली, मग खांदे हलले, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की घंगाळाचा आधार घ्यावा लागला, आणि घंगाळ घुमायला लागलं. रुचिताने पहिल्याच दिवशी त्या पानाची छापील प्रत काढून ठेवली होती. ती धावत आणली गेली. त्यात काठाचा फोटो होता, नाव होतं. इंदूबाईंनी कागदावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हाय," त्या म्हणाल्या. "हितं हाय." मग सुनेच्या डोक्यात एक टपली मारली, जरा जोरातच. नॉन-स्टिकची ती.

ललितापंचमीला राणी इंदूबाई घंगाळातल्या पाण्याने न्हाल्या. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळताना पंखा बंद केला, सगळे घामाने निथळले, आणि रुचिताच्या सासूने गरबा धरायला लावला. दुसऱ्याच दिवशी इंदूबाईंनी भाईंदरला जाऊन घंगाळावर नाव पुन्हा घालून घेतलं. भांडेवाला अक्षरामागे पैसे घेतो, म्हणून यतीन म्हणाला थोडक्यात घाल. इंदूबाईंनी 'सौ.' गाळलं, सीताराम तोडणकरांना क्षणभर विचार करून तसेच ठेवले, आणि आधी 'राणी' घातलं.

दसऱ्याला लिलाव झाला. पहिली साडी निघाली, जांभळी, मोरांची. ममता लाजत म्हणाली, "माझे दोनशे." तिला त्या साडीचं नातीसाठी दुपटं शिवायचं होतं. चुरी खाकरले. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. चुरी पुन्हा खाकरले, मग त्यांना खरंच ठसका लागला. सुचेता शेजारी सासूचा हात धरून बसून राहिली. कारण इंदूबाईंना एव्हाना सगळं शास्त्र कळलं होतं आणि त्यांचाच हात वर जायला बघत होता. जांभळी साडी दोनशेला गेली. आरतीच्या वेळी सुचेताने घंगाळात वाचलेले पैसे देवीच्या पेटीत टाकले, म्हणजे मंडळालाही तोंड वाकडं करायला जागा नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ममता सिरियलच्या वेळेला आली आणि सुचेताच्या हातात एक घडी ठेवली. जांभळा ब्लाऊजपीस, मोराच्या काठाचा.

"हे काय गं?"

"तुला. दुपट्याला बाकीची साडी पुरते." ममता सतरंजीवर बसली. "दर वर्षी तू सगळ्यात जोरात बोलतेस, आणि दर वर्षी तुझी साडी हुकते. मला फार वाईट वाटायचं तुझं. गेल्या वर्षी तर मी थांबणारच होते, पण पोरीचं डोहाळजेवण होतं म्हणून रेटलं. काल तू बोललीच नाहीस. म्हटलं, हिने आता आशाच सोडली."

सगळ्यांना माहीत असतं, म्हणे! मग तिने टीव्हीचा आवाज पार कमी केला, ममतासमोर मांडी घातली, आणि लव्हरची केली होती तशीच, काही न गाळता, स्वतःची तक्रार केली. साडी मला कधीच नको होती. तुझी बोली मी चढवली. तुझी केबल मी कापली.

ममता ऐकत होती. तिचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं, मग तिने सुचेताकडे असं बघितलं, की सुचेताला ईश्वरचं ते गायब झालेलं पान आठवलं.

"आण तो इकडे," ममता म्हणाली.

तिने ब्लाऊजपीस परत घेतला, नीट घडी घालून कमरेला खोचला.

"पुढच्या वर्षी खरी बोल," ती म्हणाली. "मग बघू." आणि टीव्हीकडे तोंड करून बसली. "आता आवाज वाढव. आणि चहा टाक, साखर जास्त. केबल येईपर्यंत रोज."